तुझ्या नावाचा वाळूचा ढीग

तुझ्या तेरवीहून आत्ताच घरी आले. बुंदी बरी होती, वांग्याची भाजी झणझणीत होती, भाषणं मात्र निव्वळ भंगार होती. चौघं बोलले. त्या चौघांचं आणि तुझं कधी पटलं नाही, हे तूच मला नावानिशी सांगितलं होतंस. तुझ्या फोटोला हार घालून एकेकानं माइक धरला आणि देवमाणूस गेला, देवमाणूस गेला, असा घोष सुरू झाला. कुठला देवमाणूस? मी सतरंजीवर बसून मनात म्हणत होते, निरा बह्याड, ठार खुळा माणूस होता हा.

जिवंत होतास तोवर 'रामेश्वरभाऊ' आणि 'तुम्ही' म्हणायचे. बारा वर्षांनी मोठा माणूस, रीत सांभाळायचे. आता नाही सांभाळणार. मेलास याचं दुःख आहे, खोटं कशाला बोलू, तेरा दिवस घशाखाली घास नीट उतरलेला नाही. पण ज्या रीतीनं मेलास तिला मान द्यायची माझी तयारी नाही. आज तिथं एक गोष्ट घडली, ती तुला सांगायची म्हणून लिहायला बसले. त्याआधी तुझी थोडी उजळणी घेते. तुला माझी घ्यायला फार आवडायची ना?

बुलढाण्यातला आपला तो हॉल, खाली टायरचं दुकान, वर ईएमटीचा क्लास. ॲम्ब्युलन्समध्ये रुग्णाजवळ बसणाऱ्या माणसाचं शिक्षण. पट्टी बांधा, मोडलेल्या हाडाला फळी लावा, बीपी बघा, ऑक्सिजन लावा, श्वास थांबला तर छाती दाबा, आणि दवाखाना येईपर्यंत माणूस टिकवा. मी अमडापूरहून दोन एसट्या बदलून यायचे, तू धाडच्या पलीकडून जीपच्या मागच्या फळीला लटकून. पहिल्या दिवशी मॅडमनी प्रत्येकाला विचारलं, इथं का आलात. आम्ही सगळे नोकरी, सेवा, असं काहीबाही पुटपुटलो. तू उठून म्हणालास, "मले सगळं येते मॅडम. फक्त सर्टिफिकेट पाह्यजे." बारावी नापास, एका डॉक्टरच्या हाताखाली बारा वर्षं कंपाउंडर, आणि काय तो रुबाब! शर्टाच्या खिशात तीन पेनं आणि एकातही शाई नाही. लिहायची वेळ आली की माझं मागायचास. मी त्याच दिवशी ठरवलं, या माणसाशी आपलं जमणार नाही.

माझं नाव वैशाली. सहा महिन्यांत तुझ्या तोंडून ते तीनदा ऐकलं असेल. तू मला 'बीएस्सी' म्हणायचास, तेही अशा सुरात की जणू ती पदवी नसून मला जडलेला एखादा आजार आहे. "ए बीएस्सी, सांग बरं, नाडी कुठी कुठी लागते?" मी दोन जागा सांगितल्या की तू तिसरी सांगायचास आणि सगळ्या वर्गाकडे बघायचास. छाती दाबायच्या सरावाला रबराचा अर्धा माणूस होता, कमरेखाली काही नसलेला. त्याला तू रावसाहेब म्हणायचास. "उठा रावसाहेब, च्या झाला." लोक हसायचे. मला हसू यायचं नाही, आणि आलं तरी मी दाबायचे.

पण त्या रावसाहेबावर तुझे हात पडले की मॅडमसुद्धा गप्प व्हायच्या, हे लिहावंच लागेल. कोपर ताठ, खांदे बरोबर वर, एक लय. मी दाबायला लागले की मॅडम म्हणायच्या, वैशाली, कणीक मळू नका. तेव्हा जेवणाच्या सुट्टीत तू मला बोलावून घेतलंस. "हातानं नको दाबू वं, आंगानं दाब. तुयं वजन हाय किती? ते सगळं खाली जाऊ दे." चार दिवस रोज घेतलंस. पाचव्या दिवशी मला जमलं तेव्हा शाबासकी म्हणून म्हणालास, "पाह्य, बह्याडालेही जमते." ते शिकवल्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आज मानते.

आणि गाडीवरची ती पहिली ड्युटी. चिखलीजवळ मोटरसायकल पडली होती, पोराच्या पायाचं हाड बाहेर आलेलं. मी पाहिलं आणि रस्त्याच्या कडेला ओकले. तू लोकांकडे तोंड करून माझ्यासमोर उभा राहिलास, कोणाला काही दिसू दिलं नाहीस. मी म्हटलं, भाऊ, कोणाले सांगू नका. "नाही सांगत बाप्पा," म्हणालास. दुसऱ्या दिवशी टायरवाल्याला देखील माहीत होतं! पण त्याच अपघातात तू आधी त्या पोराच्या बापाचा हात धरलास, काय करणार ते त्याला सांगितलंस, आणि मग पायाला फळी बांधलीस. मला नंतर म्हणालास, "आधी घरच्याईले सांगाचं. नाही तं ते मधात हात घालतेत." मी अजून तसंच करते. तुझ्या तोंडाला कुलूप नव्हतं, हात मात्र सोन्याचे होते. त्यामुळेच जास्त संताप येतो.

मग तो शॉकचा धडा. मॅडम फळ्यासमोर सांगत होत्या. आधी मेन बंद करा. नाही जमलं तर कोरड्या लाकडानं माणूस सोडवा. श्वास बघा. श्वास नसेल तर तिथल्या तिथं छाती दाबायला लागा, एक मिनिट घालवू नका. तू उभा राहिलास.

"मॅडम, हे पुस्तकातलं झालं. आमच्याकडे मानेपर्यंत मातीत गाडतेत. नाही तं वाळूत. जमीन करंट वढून घेते."

अर्ध्या वर्गानं माना डोलावल्या. सकाळी हृदयाचे चार कप्पे घडाघडा म्हणून दाखवणारी हीच माणसं! मला राहवलं नाही.

"भाऊ, माणूस काय बॅटरी हाय का, करंट भरून राहाले? बटन बंद झालं की करंट गेला. मंग उतरते काय?"

"म्या डोयानं पाह्यलं. एक जण मातीतून उठून पायी घरी गेला."

"मातीनं नाही उठला तो. माती टाकली तरी उठला. त्याचा श्वास चालू होता म्हणून. ज्याचा बंद होता त्याचं काय झालं ते सांगा ना. अर्धा तास ओल्या मातीखाली ठेवलं, छातीले कोणी हात नाही लावला, तं त्याचं काय झालं?"

वर्ग हसला. तू खाली बसलास आणि वहीत बिनशाईच्या पेनानं काहीतरी गिरवत राहिलास. मी इतकी खूश झाले होते की परतीच्या एसटीत एकटीच हसत होते. तीन आठवडे तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मी समजले, गर्व दुखावला. बरं झालं, उतरला थोडा, असंही म्हटलं मैत्रिणीला.

मग त्या संध्याकाळी स्टँडबाहेर तुझी जीप भरायची होती, माझी एसटी लागायची होती. तू दोन चहा आणलेस. मला वाटलं, आता पुन्हा खोड्या सुरू. तू विचारलंस, "खरं सांग. माती टाकली तं छाती हालत नाही ना?" आणि मी, रामेश्वर, मी मास्तरीण झाले. मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितलं, की श्वास घ्यायला छाती फुगावी लागते, त्यावर चार टोपली चिखल टाकला तर ती फुगेल कशी, आणि थांबलेलं काळीज मातीनं थोडंच चालू होतं, ते दाबावं लागतं. तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "सुनील होता माह्या धाकटा भाऊ. मोटर चालू कराले गेला अन् चिकटला. म्याच गाडलं त्याले. लोकं भेले होते, म्या म्हटलं आना माती. मी कंपाउंडर ना. माह्यंच ऐकलं सगळ्याईनं."

चहा माझ्या हातात तसाच राहिला. चांगला माणूस अशा वेळी काहीतरी चांगलं बोलला असता. मी म्हटलं, "मंग गावात सांगा. उद्याच सांगा."

"कोणाले सांगू? बुढीले? तुया मोठ्यानं धाकट्याले गाडून मारला म्हून? दोघंच राह्यलो आम्ही घरात. एकाच चुलीवर जेवतो वं."

"अन् पुढचा कोणी चिकटला मंग?"

"परीक्षा होऊ दे. बिल्ला भेटू दे छातीवर लावाले. मंग सांगतो. बिल्ल्याचं ऐकतेत लोकं."

"भेकड आहा तुम्ही," मी म्हटलं. तू हसलास, मान हलवलीस, चहाचे ग्लास परत देऊन जीपकडे गेलास. आपलं भांडण तिथंच राहिलं. तू भेकड होतासच, ते मी मागे घेत नाही. फक्त ते तसं, त्या जागी, त्या सुरात म्हणायला नको होतं.

परीक्षा अजून व्हायचीच होती. तुझी सुट्टी होती त्या सकाळी, मिरचीला पाणी द्यायचं होतं. मी धाडच्या गाडीवर होते. फोन आला, शॉक लागलाय, तुझ्याच गावाचं नाव. तुला सांगते रामेश्वर, मी ड्रायव्हरकाकांना म्हटलं, काका, घाबरू नका, तिथं आपला माणूस हाय, त्यानं दाबणं सुरू केलं असन. सगळ्या रस्त्यानं मला तुझा आधार वाटत होता.

स्टार्टरच्या पेटीचं झाकण तूच काढून ठेवलेलं. पाय ओले, चप्पल बांधावर. वर्गात 'कोरडे पाय, कोरडं लाकूड' असं इतरांना दरडावणारा तूच ना? अशा ढिलाईला काय म्हणायचं ते तूच सांग. फेकला गेलास, लोकांनी मेन बंद केली, तिथवर सगळं बरोबर झालं. मग त्यांनी तेच केलं जे तू त्यांना शिकवलं होतंस. आम्ही पोचलो तेव्हा बांधाजवळ मातीचा ढीग, बाहेर फक्त एक डोकं, आणि ते डोकं तुझं. भोवती पन्नास-साठ माणसं हाताच्या घड्या घालून करंट उतरायची वाट पाहत उभी. एक जण मला म्हणतो कसा, "टाइम द्या मॅडम, उतरून राह्यला. रामेश्वरभाऊनंच सांगतलेलं हाय, सुनीलच्या वक्ती."

आणि तुझ्या मानेजवळ तुझी आई, दोन्ही ओंजळी मातीनं भरलेल्या. मी ओरडले, "हो बाजूले म्हातारे! अजून किती टाकशीन?" खांद्याला धरून ढकललं मी तिला. ती मागं पडली. मी वळून पाहिलं नाही. काकांनी फावडं घेतलं, मी हातानं उकरलं. तुला बाहेर काढलं आणि मी तुझ्या छातीवर दाबायला लागले. आंगानं दाबत होते, हातानं नाही. दवाखान्यापर्यंत थांबले नाही. डॉक्टरांनी माझे हात धरून बाजूला केले तेव्हा थांबले.

आता आजचं ऐक.

पंगती उठल्यावर भाषणं झाली. पहिल्यानं देवमाणूस म्हटलं. दुसऱ्यानं माझ्याकडे न बघता म्हटलं की गाडीवाल्यांनी घाई केली, मातीतून लवकर काढलं, अजून अर्धा तास ठेवलं असतं तर रामेश्वरभाऊ आज आपल्यात असते. पन्नास डोकी माझ्याकडे वळली. मी खाली पाहिलं. तिसरा नुसताच रडला, तोच त्यातला शहाणा. आणि चौथा, पांढऱ्या कपड्यातला, घसा साफ करून म्हणाला, भाऊची आठवण म्हणून प्रत्येक विहिरीजवळ वाळूचा एक ढीग ठेवू. वाळू मातीपेक्षा लवकर वढते. ढिगाजवळ पाटी लावू, कैलासवासी रामेश्वरभाऊ यांच्या स्मरणार्थ. टाळ्या पडल्या. तेरवीत टाळ्या!

तुझ्या नावाचा वाळूचा ढीग, प्रत्येक विहिरीवर. मला हसावं की तो माइक त्याच्या डोक्यात घालावा कळेना. उठून बोलले नाही तर पुढच्या उन्हाळ्यात कोणाचा तरी पोरगा तुझ्या नावाच्या वाळूत जाणार होता. बोलले तर दहा हातांवर बसलेल्या तुझ्या आईला कळणार होतं की तिचा धाकटा कोणाच्या हातानं गेला. ज्या गोष्टीवरून तुला भेकड म्हटलं, नेमकी तीच माझ्यापुढे आली. मी चप्पल शोधायला लागले. हो, पळून निघाले होते मी. हसून घे काय हसायचं ते.

तर तुझी आईच आली. माझा हात धरला आणि मला घरात घेऊन गेली, जिथं पिठाचे डबे असतात त्या खोलीत. मी आपली सुरुवात केली, "मावशी, त्या दिवशी तुमाले ढकललं..."

"मी माती टाकत नव्हती वं," ती म्हणाली. "काढत होती."

तिनं मला डब्यांजवळ बसवलं.

"सगळ्याईले म्हटलं, काढा त्याले. कोणी ऐकलं नाही. म्हणे बुढी दुःखानं बह्याडली. बायाईनं धरून ठेवलं मले. सुटली तं उकरत होती."

"पण तुमाले कसं..."

"सुनीलच्या वक्ती पाह्यलं ना. त्याची बोटं हालत होती मातीतून. मोठा म्हणे, उतरून राह्यला करंट. अन् मंग थांबली. मायले समजत नाही का? पण मोठ्याले कोणत्या तोंडानं सांगू? धाकटा तं गेलाच होता. यानं बी हिरीत उडी घेतली असती."

इतकी वर्षं, रामेश्वर. एका चुलीवर जेवत होतात दोघं. तू तिला जपत होतास, ती तुला जपत होती, आणि तुमच्या जपण्यापायी सगळं गाव माती घेऊन तयार बसलं होतं. तुमच्या या मायेची मला किळस आली, आणि तिथंच डब्यांजवळ बसून मी ढसाढसा रडले देखील. पन्नास माणसांत ज्या एकीला खरं कळत होतं तिला मी म्हातारे म्हणून ढकललं. वर्गात पहिली येणारी मी!

मी तिला सगळं सांगितलं. स्टँडवरचा चहा, बिल्ला, सगळं. तिनं विचारलं, "माहीत होतं त्याले?" मी हो म्हटलं. तिनं पदर खोचला आणि मला म्हणाली, "चाल."

मांडवात त्या पांढऱ्या कपड्यातल्याच्या हातून तिनं माइक घेतला नाही, नुसता बाजूला सारला. "माह्ये दोन्ही पोरं मातीनं गेले," ती म्हणाली. "करंटानं नाही. मोठ्याले माहीत होतं, त्यानं सांगतलं नाही. मले माहीत होतं, म्या सांगतलं नाही. आता हे पोरगी सांगन." कोणीतरी म्हणालं, मावशी, बसा, तुमची तब्येत बरी नाही. "तू बस बे," ती म्हणाली.

मी सांगितलं. सुनीलचं सांगितलं, तुझं सांगितलं, काही राखलं नाही. तुझी अब्रू गेली, ती मी घालवली. दोघं-तिघं उठून गेले. एक जण म्हणाला, तोंडानं सांगणं सोपं हाय, करतेत कसं ते कोणाले माहीत?

तुझी आई सतरंजीवर आडवी झाली. सगळ्यांसमोर, तुझ्या फोटोखाली, लुगडं नीट करून, उताणी.

"दाखव त्याईले," ती म्हणाली.

मी गुडघ्यावर बसले. कोपर ताठ केलं, खांदे वर आणले, तळहात तिच्या छातीच्या मधोमध ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, जिवंत माणसावर दाबायचं नसतं, जागा तेवढी बघा. माणसं जवळ आली. मागची टाचा उंचावून पाहायला लागली. ढिगाच्या पाटीवालाही वाकला. माझ्या हाताखाली तिचं काळीज धडधडत होतं आणि सगळं गाव बघत होतं.

एवढंच तर करायचं होतं रे तुला.